तेलाचे बंदर: जागा समुद्राची, अटी कोणाच्या?



स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर, गावी जाणारी एस.टी., शेतातला डिझेलचा पंप, कारखान्यातली भट्टी, यांतले काहीही घ्या, त्याच्यामागे तेल आहे. आपल्या देशाला जेवढे कच्चे तेल लागते त्यातील पाचात चार भागांहून अधिक परदेशातून येते आणि ते जवळजवळ सगळे समुद्रावरून, टँकर जहाजांतून येते. म्हणजे कुठे तरी धक्का असलाच पाहिजे, कुठे तरी टाक्या असल्याच पाहिजेत, आणि त्यांच्या शेजारी कोणी तरी राहणारच. हे ‘कोणी तरी’ म्हणजे कोण, याचा विचार आपण सहसा करीत नाही. या आठवड्यात आम्ही तो करावयाचे ठरविले आहे.

तेलाचे बंदर कुठे करायचे हा विषय निघाला की आपल्याला एकच उत्तर ऐकवले जाते: हा तांत्रिक प्रश्न आहे, तो इंजिनिअर सोडवतील, तुम्ही त्यात पडू नका. हे उत्तर निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे हिशेबाचे आणि अधिकाराचे आहे. आम्ही दिवसभर खतावणीत मान घालून बसणारी माणसे. समुद्राची खोली आम्हाला मोजता येत नाही, पण जमा कोणाच्या खात्यावर आणि खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, एवढे मात्र नक्की पाहता येते.

जहाजाला काय लागते?

आधी इंजिनिअरांची बाजू समजून घेऊ. तेलाचे सर्वात मोठे टँकर दोन-तीन लाख टन तेल वाहून नेतात. असे जहाज भरलेले असले की त्याचा वीस मीटरहून अधिक भाग पाण्याखाली असतो. सहा-सात मजल्यांची चाळ उभी बुडेल एवढे पाणी त्याला लागते. नुसती खोली असून भागत नाही. लाटा-वाऱ्यापासून आडोसा हवा, जहाज वळवायला जागा हवी, तळाला खडक नकोत. किनाऱ्यावर टाक्यांसाठी पक्की आणि मोकळी जमीन हवी. तेथून शुद्धीकरण कारखान्यापर्यंत पाइप टाकता आला पाहिजे. शिवाय जहाजाला ओढून-ढकलून धक्क्याला लावणाऱ्या टग बोटी हव्यात, वाटाडे पायलट हवेत, आग विझविण्याची आणि सांडलेले तेल गोळा करण्याची साधने हवीत.

जिथे किनाऱ्याजवळ एवढे पाणी नसते तिथे दुसरी युक्ती करतात. खोल समुद्रात एक प्रचंड बोया नांगरून ठेवायचा, जहाज त्याला बांधायचे आणि समुद्राच्या तळावरून पाइपाने तेल किनाऱ्यावर आणायचे. गुजरातमध्ये कच्छच्या आखातात वाडिनार येथे असेच तेल उतरते. ही सोय चांगली, पण फुकटची नव्हे. त्याच आखातात पोवळ्यांची बेटे आहेत आणि 1982 पासून तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे.

एवढ्या सगळ्या चाळणीतून जागा काढल्या तरी बहुतेक वेळा एक नव्हे, दोन-तीन जागा शिल्लक राहतात. त्यांतली कोणती घ्यायची आणि कोणत्या अटींवर घ्यायची, हे समुद्र सांगत नाही. ते माणसे ठरवतात. ते कोणत्या माणसांनी ठरवायचे, याची एक गोष्ट आमच्या वाचनात आली. ती दूर देशातली आहे, पण आपल्या कामाची आहे.

शेटलंडची माणसे

इंग्लंडच्या वर स्कॉटलंड, आणि स्कॉटलंडच्याही उत्तरेला भर समुद्रात शेटलंड नावाची बेटे आहेत. थंडी, वारा, पाऊस; झाडे फार थोडी. मासेमारी, मेंढ्या आणि लोकरीचे विणकाम यांवर जगणारी माणसे. 1971 साली सगळ्या बेटांवर मिळून साडेसतरा हजारांच्या आत वस्ती होती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या झोपडपट्टीत याहून जास्त माणसे राहतात.

त्याच 1971 साली या बेटांच्या ईशान्येला समुद्राखाली ब्रेंट नावाचा मोठा तेलसाठा सापडला. पाठोपाठ निनियन आणि इतर साठे सापडले. तेल किनाऱ्याला आणायचे तर सर्वात जवळची जमीन शेटलंडची. तेथे सलम वो नावाची लांब, खोल, आडोशाची खाडी आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता, म्हणून ती सर्वांच्या माहितीची होती. इंजिनिअरांच्या दृष्टीने उत्तम जागा.

मग आपल्याकडे घडते तेच तेथेही घडू लागले. बाहेरची माणसे येऊन खाडीच्या आसपासच्या जमिनींचे हक्क शेतकऱ्यांकडून गुपचूप घेऊ लागली. प्रत्येक तेल कंपनी आपापल्या धक्क्याची स्वप्ने पाहू लागली. तेव्हा तेथील काउंटी कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था, जागी झाली. तिचे मुख्य अधिकारी होते इयन क्लार्क. त्यांचे पद ‘काउंटी क्लार्क’. हे वाचून आम्हा कारकून मंडळींची छाती फुगली असती, पण तिकडे त्या पदाचा माणूस मुख्याधिकारी असे!

कौन्सिलने ‘तेल नको’ असे म्हटले नाही. तेल येणार हे दिसत होते. देशाला तेलाची नड होती. 1973 च्या अखेरीस तर जगभर तेलाचे भाव कडाडले आणि सगळ्यांना घाई झाली. कौन्सिलने ओळखले की समोरच्याला घाई आहे तोवरच आपल्या शब्दाला किंमत आहे. तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे जाऊन आपल्यासाठी वेगळा कायदा मागितला. त्या भागाचे खासदार जो ग्रिमंड यांनी त्याची बाजू लावून धरली, आणि 1974 साली झेटलंड काउंटी कौन्सिल अ‍ॅक्ट मंजूर झाला. (झेटलंड हे त्या बेटांचे जुने सरकारी नाव.)

या कायद्याने कौन्सिलला काय मिळाले ते नीट पाहा. एक, सलम वो परिसरातील जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार. दलालांचा खेळ त्यामुळे संपला. दोन, बंदराची सत्ता. जहाज कोणते येईल, कसे येईल, पायलट आणि टग बोटींची व्यवस्था काय, हे कंपनीने नव्हे, कौन्सिलने पाहायचे. तीन, धंद्यात भागीदारी करण्याची मुभा. चार, आलेल्या पैशातून लोकांसाठी राखीव निधी ठेवण्याचा हक्क.

कायदा हातात आल्यावर कौन्सिलने कंपन्यांना सांगितले की बेटभर दहा ठिकाणी धक्के आणि टाक्या चालणार नाहीत. सगळ्यांचे तेल एकाच जागी, सलम वो येथे येईल. बेटे एका ठिकाणी बिघडतील, पण सगळीकडे बिघडणार नाहीत. जागेची निवड म्हणतात ती ही.

मोबदला की मेहरबानी?

आता हिशेबाकडे येऊ. कौन्सिलने कंपन्यांपुढे आणखी एक गोष्ट मांडली. तुम्ही आमच्या जीवनात खळबळ माजवणार आहात. अपघात होईल तेव्हा भरपाई द्यालच, पण अपघात झाला नाही तरी आमची शांतता, आमचा समुद्र, आमची रीत यांना धक्का लागणारच. त्या त्रासाचा म्हणून वेगळा मोबदला द्या. कंपन्यांनी करार केला. त्या पैशासाठी 1976 साली एक विश्वस्त निधी उभा राहिला. 2000 सालापर्यंत या एका खात्यावर कंपन्यांकडून 8 कोटी 10 लाख पौंड जमा झाले. बंदराचे शुल्क आणि जमिनीचे भाडे ही खाती निराळी.

या निधीची रक्कम गुंतवली गेली आणि तिच्या उत्पन्नातून वृद्धांची देखभाल, क्रीडागृहे, वस्तुसंग्रहालय, कला-संगीत यांना पैसे मिळाले. बाजार कोसळला तेव्हा निधीलाही फटका बसला आणि खर्चाला कात्री लावावी लागली, हेही सांगितले पाहिजे. पण निधी आजही आहे. ब्रेंटच्या साठ्यातून तेल काढणे बंद झाले, खाडीत येणारी जहाजे पूर्वीच्या मानाने फार कमी झाली, तरी तो आहे. तेल संपते, पण तेलावर मिळालेला पैसा नीट ठेवला तर पुढच्या पिढीला पुरतो. आपल्या घरात एखाद्याला गिरणीची ग्रॅच्युइटी मिळाली आणि ती सहा महिन्यांत कशी उडाली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आम्ही येथे एका शब्दाकडे लक्ष वेधू इच्छितो. शेटलंडला मिळाला तो मोबदला होता, मेहरबानी नव्हती. आपल्याकडे कंपनी गावात येते, शाळेला चार बाके देते, रंगीत पाटी लावते, फोटो काढते. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे घालून दिले आहे, हे चांगलेच झाले. पण तो पैसा कुठे आणि कशावर खर्चायचा हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. दिलेल्या बाकावर बसून आपण आभार मानायचे. करारात लिहिलेल्या पैशाला आभार लागत नाहीत. त्याची पावती लागते.

सगळे गोड नव्हते

शेटलंडला स्वर्ग अवतरला असे मात्र समजू नये. बांधकाम जोरात होते तेव्हा बाहेरून हजारो कामगार आले. त्यांच्यासाठी छावण्या उभ्या राहिल्या, राहण्यासाठी जहाजेही आणली गेली. पगार चांगले म्हणून मासळीच्या कारखान्यांतली आणि विणकामाची माणसे तिकडे ओढली गेली आणि जुन्या धंद्यांना हात मिळेनात. बांधकाम संपले तशी त्यातली बहुतेक कामेही संपली.

समुद्राने परीक्षा घेतली ती वेगळीच. नोव्हेंबर 1978 मध्ये पहिले तेल आले आणि 30 डिसेंबर 1978 ला, म्हणजे जेमतेम महिन्यात, ‘एसो बर्निशिया’ नावाचा टँकर धक्क्याला लागताना एका टग बोटीत आग लागली. जहाज धक्क्यावर आदळले आणि अकराशे टनांहून जास्त इंधन तेल खाडीत सांडले. हजारो समुद्रपक्षी मेले. रिकामी येणारी काही जहाजे आपल्या टाक्या वाटेतच समुद्रात धुतात असेही आढळले. मग कौन्सिलने जहाजांवर विमानातून नजर ठेवायला सुरुवात केली. जहाजातले तेलकट पाणी किनाऱ्यावर उतरवून साफ करण्याची सोय होतीच. ती वापरली जाते की नाही हे पाहिले जाऊ लागले. समुद्र आणि किनाऱ्याची पाहणी करण्यासाठी शास्त्रज्ञांचा स्वतंत्र सल्लागार गट 1977 पासूनच काम करीत होता. चूक घडल्यावर नियम कडक करता आले, कारण नियम करण्याचा अधिकार हातात होता.

5 जानेवारी 1993 ला ‘ब्रेअर’ नावाचा टँकर वादळात इंजिन बंद पडून शेटलंडच्या दक्षिण टोकावर फुटला आणि सुमारे 85 हजार टन तेल समुद्रात गेले. हे जहाज सलम वोला येतही नव्हते. ते नॉर्वेहून कॅनडाला चालले होते. म्हणजे आपल्या बंदराची कितीही काळजी घेतली तरी जहाजांच्या वाटेवर राहणाऱ्याला धोका चुकत नाही. धोका मुळीच नसलेली जागा अशी नसते. धोक्याची किंमत आधी मांडलेली आहे की नाही, एवढेच पाहता येते.

बँट्रीची रात्र

ज्यांनी आधी मांडणी केली नाही त्यांचे काय झाले? त्यासाठी शेजारच्या आयर्लंडकडे पाहू. तेथे बँट्री नावाचे खोल आखात आहे. 1967 साली सुएझ कालवा बंद पडल्यावर आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या महाकाय टँकरांना खोल पाणी हवे होते. 1968 साली एका अमेरिकन तेल कंपनीने बँट्रीच्या आखातातील व्हिडी बेटावर तेलाचे ठाणे उघडले. इंजिनिअरांच्या हिशेबाने जागा सलम वोइतकीच चांगली. परंतु तेथे सुरुवातीला बंदरावर देखरेख करणारी सार्वजनिक संस्थाच नव्हती. 1974 साली एका टँकरमधून मोठ्या प्रमाणावर तेल सांडले, त्यानंतर कुठे बंदराचे अधिकार-मंडळ नेमण्याकडे सरकार वळले.

8 जानेवारी 1979 च्या मध्यरात्रीनंतर या धक्क्याला लागलेल्या ‘बेतेलज्युज’ या फ्रेंच टँकरला आग लागली आणि स्फोट झाला. जहाजावरील आणि धक्क्यावरील मिळून 50 माणसे मेली. त्यांत ठाण्यावर काम करणारे सात आयरिश कामगार होते. हा धक्का किनाऱ्यापासून दूर पाण्यात उभा होता. आग लागल्यावर त्यावरच्या माणसांना सुटायचे तर होडी येऊनच सुटावे लागणार होते. होडी वेळेवर आली नाही.

चौकशी आयोगाने पुढे जे सांगितले ते प्रत्येक कामगाराने ऐकावे असे आहे. जहाज जुने आणि गंजलेले होते, दुरुस्तीत कुचराई झाली होती आणि तेल उतरवताना भार नीट न राखल्यामुळे त्याचा कणाच मोडला. ठाण्यावर लक्ष ठेवण्याची ज्याची जबाबदारी तो माणूस त्या वेळी नियंत्रण कक्षात नव्हता. मदतीची टग बोट धक्क्यावरून दिसेल अशा जागी उभी नव्हती. पाणी खोल होते, आडोसा होता, नकाशा बरोबर होता. चुकले ते कागदावरच्या अटींचे आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणाऱ्या डोळ्यांचे.

आणि आपली मुंबई?

आता घरी परत येऊ. घारापुरीची लेणी पाहायला आपण लाँचने जातो तेव्हा वाटेत एक बेट दिसते, त्यावर पांढऱ्या टाक्यांच्या रांगा असतात. ते बुचर आयलंड, म्हणजेच जवाहर द्वीप. 1954 आणि 1955 साली तुर्भे-माहुलच्या बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि त्यांच्यासाठी या बेटावर टँकरांचे धक्के झाले. तेल समुद्राखालच्या पाइपांतून कारखान्यात जाते. मुंबई बंदरात सर्वात मोठ्या टँकरांना पुरेल एवढे पाणी नाही, म्हणून येथे त्याहून लहान जहाजे येतात.

धक्क्यासाठी बेट निवडले यात शहाणपण होते, असेच आम्ही म्हणू. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचे जहाज फुटले तेव्हा शेकडो माणसे मेली आणि आसपासची वस्ती जळून गेली, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिले होते. धोक्याचा माल माणसांपासून दूर ठेवावा हे मुंबईला कोणी शिकवायला नको. ऑक्टोबर 2017 मध्ये जवाहर द्वीपावरच्या एका डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग काही दिवस धुमसत राहिली. मध्ये पाणी होते म्हणून शहर वाचले.

मात्र पाइपाच्या दुसऱ्या टोकाला असे पाणी नाही. तिकडे माहुलला कोळीवाडा होता, आंबापाडा होता. कारखाने आणि टाक्या त्यांच्या उशाशी येऊन बसल्या. तेथील रहिवासी शेवटी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादाने 2015 साली त्यांच्या हवेच्या तक्रारीची दखल घेतली आणि 2020 साली तेथील कंपन्यांना मोठी भरपाई भरण्याचा आदेश दिला. पुढे ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. 1950 च्या दशकात जी अट लिहायची ती साठ वर्षांनी कोर्टात मागावी लागली.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. जागेची निवड एकदाच होत नाही, ती दोनदा होते. पहिल्यांदा तेल कुठे ठेवायचे ते ठरते. दुसऱ्यांदा, तेल आल्यावर त्याच्या शेजारी कोणाला ठेवायचे ते ठरते. माहुलला प्रकल्पग्रस्तांसाठी इमारतींची मोठी वसाहत बांधली गेली आणि 2017 पासून तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्यांतली हजारो माणसे तेथे आणली गेली. पाण्याच्या पाइपाशेजारून उठवले आणि तेलाच्या टाक्यांशेजारी आणून ठेवले! खोकला, दमा, खाज यांनी लोक हैराण झाले आणि त्यांनी दीर्घ आंदोलन केले. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशा हवेत राहण्याची लोकांवर सक्ती करता येणार नाही; दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिन्याला 15 हजार रुपये भाडे आणि 45 हजार रुपये अनामत द्यावी. तेथे राहायला गेलेल्यांत तुमच्या-आमच्या नात्यातली माणसे आहेत. घराची किल्ली हातात मिळाली की आपण दरवाजा पाहतो, नळ पाहतो. खिडकीतून काय दिसते तेही पाहिले पाहिजे, आणि ती खिडकी तेथे कोणी नेमली हेही विचारले पाहिजे.

आपल्याला काय करता येईल?

कोणी म्हणेल, शेटलंडचे कौन्सिल स्वतंत्र कायदा मिळवू शकले, आपल्या ग्रामपंचायतीला ते कसे जमणार? हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे मोठी बंदरे केंद्र सरकारच्या अखत्यारीत आणि लहान बंदरे राज्याच्या सागरी मंडळाकडे आहेत. गावाच्या वा वॉर्डाच्या हातात बंदराचा अधिकार नाही. खाणींच्या बाबतीत 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्याकडून ठराविक वाटा खाणीमुळे बाधित झालेल्या लोकांसाठी जमा होतो. तो कसा खर्च होतो याबद्दल तक्रारी असतील, पण वाटा कायद्यात आहे. तेलाच्या धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक टनामागे शेजारच्या वस्तीला वाटा देणारा कायदा आपल्याकडे नाही. तो असावा, अशी मागणी आपण आपल्या आमदार-खासदारांकडे करू शकतो. खाणीला जो न्याय लागू तो धक्क्याला का नसावा?

दुसरा मार्ग जनसुनावणीचा. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे अशा मोठ्या बंदर प्रकल्पांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुनावणी घ्यावी लागते, तिची किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. आपली माणसे बहुधा सुनावणीच्या दिवशीच जातात, घोषणा देतात आणि परततात. घोषणा द्याव्यात, पण लेखी प्रश्नही द्यावेत. आमच्या मते हे सहा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत.

पहिला: दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या आणि त्या का नाकारल्या? ‘तेथे विरोध होईल’ हे कारण असेल तर त्याचा अर्थ येथील माणसे गप्प बसतील असा धरला आहे, हे समजून घ्यावे.

दुसरा: टाकीपासून पहिले घर, पहिली शाळा किती मीटरवर आहे? आणि पुढे वीस वर्षांनी त्या मोकळ्या जागेत कोणाच्या पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहणार नाहीत, हे कोण लिहून देणार?

तिसरा: तेल सांडले वा पेटले तर किती मिनिटांत कोण येणार? धक्क्यावरच्या कामगाराला पळायला वाट कोणती? वस्तीतल्या लोकांना सराव केव्हा देणार?

चौथा: भरपाई कोणाला? सातबारा ज्याच्या नावावर त्याला जमिनीचे पैसे मिळतात, होडी ज्याच्या नावावर त्याला होडीचे. परंतु दुसऱ्याच्या होडीवर जाणारा खलाशी, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी बाई, दुसऱ्याच्या बागेत राबणारा भूमिहीन मजूर, यांचे नाव कोणत्या यादीत आहे? आपल्यातल्या बहुतेकांचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नसते, म्हणून हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

पाचवा: नोकऱ्या किती, हे दोन आकड्यांत सांगा. बांधकाम चालू असताना किती आणि ते संपल्यावर किती? त्यांतल्या कायम किती आणि कंत्राटी किती?

सहावा: टनामागे आमचा वाटा किती, तो कोणत्या खात्यात जमा होणार आणि त्या खात्याचे ऑडिट कोण करणार?

कोकणात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे भूसंपादन 2019 साली मागे घेतले गेले. नंतर बारसूचे नाव पुढे आले आणि एप्रिल 2023 मध्ये तेथील सड्यावर माती परीक्षणाच्या वेळी गावकरी, विशेषतः बायका, उन्हात आडव्या झाल्या. असा कारखाना आला की कच्च्या तेलाचा धक्का ओघाने आलाच. त्या प्रकल्पाच्या बाजूने बोलणारेही आहेत. कोकणातल्या तरुणाला मुंबईची वाट धरावी लागू नये असे त्यांना वाटते, आणि ते वाटणे खोटे नाही. आम्ही येथे त्या वादाचा निवाडा करीत नाही. दोन्ही बाजूंना आमचे एवढेच सांगणे की वरील सहा प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत ‘हो’ही म्हणू नये आणि केवळ कोणी सांगितले म्हणून ‘नाही’ही म्हणू नये.

आपल्या समाजात आता बी.कॉम., एम.कॉम. झालेली मुले-मुली घरोघरी आहेत. तुमच्या भागात अशा प्रकल्पाची नोटीस लागली तर त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी मराठी सारांशाची प्रत मिळवावी आणि एका रविवारी समाजमंदिरात ती सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावी. आकडे फळ्यावर लिहावेत. आया-बहिणींना पुढे बसवावे, कारण घरातला खोकला रात्री त्याच ऐकतात. मग प्रश्न लिहून काढावेत, त्यावर सह्या आणि अंगठे घ्यावेत, अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यावी आणि ती जपून ठेवावी. शेटलंडच्या माणसांना जे मिळाले ते पहिले जहाज येण्याच्या आधी लिहून घेतले होते म्हणून मिळाले. जहाज धक्क्याला लागल्यावर आपण अर्ज घेऊन गेलो, तर साहेब जागेवर नसतात.